नळी चार-सहा इंच आखूड केली तर .२२३ चा वेग नक्की किती पडतो?

रानवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे .२२३ रेमिंग्टन बोल्ट अ‍ॅक्शन आहे. नळी २४ इंची, पीळ (नळीच्या आतल्या खाचांचं वळण) १२ इंचांत एक फेरा, गोळी ५५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं माप) मऊ टोकाची. कोल्ह्यांसाठी वापरतो. बहुतेक बार दीडशे यार्डांच्या आतले, क्वचित अडीचशेपर्यंत जातो. रायफलीबद्दल एकही तक्रार नव्हती, पण सायलेन्सर लावला आणि गणित बिघडलं. पुढे सात इंच वाढले. गाडीतून उतरताना दाराच्या चौकटीला लागते, झुडपात शिरलं की फांद्यांत अडकते आणि तोल इतका पुढे गेलाय की उभ्याने नेम धरला तर थोड्याच वेळात टोक खाली झुकायला लागतं. मागच्या महिन्यात एक कोल्हा साठ यार्डांवर उभा राहून माझ्याकडे बघत होता आणि मी टोक फांदीतून सोडवत होतो.

आता रीतसर परवानगी काढून अधिकृत गनस्मिथकडून नळी १८ किंवा २० इंच करून घ्यावी असं मनात आहे. कायद्याची बाजू मी बघतोय, ती इथे नको. मला फक्त वेगाचं समजून घ्यायचंय. एक जण म्हणतो इंचामागे शंभर फूट जातात. दुसरा म्हणतो काहीच जात नाही, त्याच्या .२२ एलआरची (.२२ लाँग रायफल, छोटं काडतूस) नळी आखूड झाली तेव्हा वेग उलट वाढला. दोघंही छातीठोकपणे सांगतात. खरं काय?

नवशिक्या

मीही शंभर फूटच ऐकलंय. म्हणजे सहा इंचांत सहाशे फूट प्रति सेकंद. मग .२२३ घेण्यात अर्थच काय उरला?

भरणीवाला

शंभर फूट हा आकडा .२२३ साठी साफ चुकीचा आहे. २४ इंचांवरून १८ वर येताना इंचामागे साधारण २५ फूट प्रति सेकंद धरा. एखाद्या नळीत २० निघतील, एखाद्या भरणीत (काडतुसात दारू-गोळी भरण्याच्या प्रमाणात) ३०. सहा इंचांचे मिळून दीडशेच्या आसपास. कारखान्याचा ५५ ग्रेनचा छापील वेग २४ इंची नळीतून ३२४० आहे, तो १८ इंचीतून ३०९० च्या जवळपास येईल.

लष्करी रायफलींचं उदाहरण सगळ्यांना तपासता येतं. एम१६ ची नळी २० इंच, एम४ ची साडेचौदा. तीच एम८५५ गोळी पहिलीतून साधारण ३१०० फुटांनी निघते, दुसरीतून २९५० च्या आसपास. साडेपाच इंचांत दीडशे-पावणेदोनशे फूट. शंभराचा हिशेब खरा असता तर एम४ मधून गोळी अडीच हजारांनी बाहेर पडली असती.

पण रानवाट, "इंचामागे किती" हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. तुमचा .२२ एलआरवाला मित्रही खोटं बोलत नाहीये. तो वेगळ्या काडतुसाबद्दल बोलतोय, एवढंच. आधी काडतुसाचं पोट किती आणि नळीचं पोट किती ते बघायला हवं, आकडा त्यातून आपोआप येतो. मी वर्षानुवर्षं काडतुसं भरतो आणि ही एक गोष्ट समजायला मला फार वेळ लागला, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

.२२ व्यासाच्या नळीच्या एका इंचात साधारण ०.६३ घन सेंटिमीटर, म्हणजे सीसी, जागा असते. .२२ एलआर असो, .२२३ असो की .२२-२५०, नळीचा व्यास जवळपास तोच, म्हणून ही जागाही जवळपास तीच. फरक आहे तो मागच्या काडतुसात.

.२२३ मध्ये गोळी बसवल्यावर तिच्या मागे साधारण पावणेदोन सीसी जागा उरते. २४ इंची नळीत गोळीचं बूड साडेबावीस इंचांच्या आसपास प्रवास करतं (नळीची लांबी बोल्टच्या तोंडापासून मोजतात, त्यात चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, आलीच). तेवढ्या प्रवासात मागे चौदा सीसी नवी जागा तयार होते. म्हणजे वायू सुरुवातीच्या जागेच्या नऊपट फुगला. १८ इंचांवर कापली तर सातपट.

.२२-२५० मध्ये गोळीमागची जागा पावणेतीन सीसी. तीच २४ इंची नळी, पण वायू फक्त सहापट फुगतो.

आणि .२२ एलआर? गोळीमागे जेमतेम पाव सीसी. दारू एक-दोन ग्रेन. २४ इंची नळीत तो वायू साठपट फुगतो. १६ इंचांतही चाळीसपट.

आता सायकलचा पंप डोळ्यांसमोर आणा, पण उलटा. दाबलेली हवा दट्ट्याला पुढे ढकलतेय. जागा दुप्पट-तिप्पट होईपर्यंत जोर दणकट असतो. नऊपट झाली तरी ढकलण्याजोगं काहीतरी शिल्लक असतं. चाळीसपट झाल्यावर मागून उरलेला रेटा आणि नळीचं घर्षण यांची बरोबरी व्हायला लागते. म्हणून .२२ एलआरमध्ये सोळा-अठरा इंचांनंतर वेग वाढायचा थांबतो, आणि खूप लांब नळीत तर घर्षण जिंकून तो किंचित उतरतो. तुमच्या मित्राची नळी २६-२८ इंचांची असेल आणि ती २० वर आली असेल, तर त्याला पाच-दहा फूट जास्त दिसणं अगदी शक्य आहे.

.२२-२५० उलट्या टोकाला. तिथे इंचामागे ३०-४० फूट जातात, कारण २४ इंचांवरही वायूत भरपूर जोर शिल्लक असतो. तुमची .२२३ मधोमध बसते.

नवशिक्या

हे पटलं. पण एक विचारतो. नळी आखूड झाली तर दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडणार. मग लवकर जळणारी दारू वापरली तर वेग भरून निघेल ना?

भरणीवाला

नाही निघत. हा गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा होतो, माझाही होता. दारूचा बहुतांश भाग गोळी पहिले काही इंच जाईपर्यंतच जळून गेलेला असतो. कमाल दाब तर गोळी इंच-दोन इंच सरकते तेव्हाच येऊन जातो. .२२३ ला तो ५५,००० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर पौंड) असतो. पुढची सगळी नळी वायूच्या फुगण्यासाठी असते.

लवकर जळणारी दारू घेतली तर तोच कमाल दाब गाठायला ती कमी भरावी लागते. कमी दारू म्हणजे कमी वायू, म्हणजे पुढच्या इंचांत ढकलायला कमी जोर. म्हणून २४ इंचांत जी दारू सगळ्यात जास्त वेग देते, तीच १८ इंचांतही बहुधा सगळ्यात जास्त देते. दोन्हींतलं अंतर थोडं कमी होतं, क्रम बदलत नाही. वेग परत मिळवायच्या नादात भरणी वाढवू नका. कमाल दाब चेंबरमध्ये येतो आणि चेंबर तेच आहे. पुढून नळी कापली म्हणून मागे जास्त दाब सोसायची ताकद येत नाही.

तिसरीगोळी

.२२ एलआरबद्दल थोडं मी सांगते, माझा सगळा वेळ त्यातच जातो.

भरणीवाला दादांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण रिमफायरमध्ये (.२२ एलआरसारख्या, कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या काडतुसांत) लांबीपेक्षा आवाजाच्या वेगाची रेषा जास्त महत्त्वाची. २० अंश तापमानाला आवाजाचा वेग साधारण ११२५ फूट. आमची नेमबाजीची काडतुसं १०५०-१०८० च्या आसपास असतात, मुद्दाम त्या रेषेखाली ठेवलेली. जलद काडतुसं १२०० च्या वर निघतात आणि वाटेतच ती रेषा ओलांडून खाली येतात, तेव्हा गोळी हलते, गट (कागदावर गोळ्या लागतात तो पुंजका) पसरतो. त्यामुळे माझ्यासारखीला वेग "गेला" याचं दुःख नसतं. प्रत्येक गोळीचा वेग सारखा आहे का, हे मी बघते.

एक इशारा मात्र देते. नेमबाजीच्या काही .२२ नळ्या तोंडाशी अगदी किंचित अरुंद केलेल्या असतात. शिशाची गोळी शेवटी तिथे नीट धरली जाते आणि सारखी बाहेर पडते. अशी नळी पुढून कापली तर तो अरुंद भागच निघून जातो. वेगाचा आकडा तसाच राहतो आणि गट बिघडतो, मग माणूस महिनोन्महिने काडतुसं बदलत बसतो. ओळखीतल्या एका मुलाचं हेच झालं. कापायच्या आधी गुळगुळीत, तेल लावलेली शिशाची गोळी सळईने हळूच आतून ढकलून बघायला हवी होती, तोंडाजवळ हाताला घट्टपणा जाणवतो. हे रिकाम्या, बोल्ट काढलेल्या नळीतच, हे सांगायला नकोच.

रानवाट

ताई, दादा, मनापासून आभार. हे असं पोट-पोट मोजून आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आता पुढचा प्रश्न. दीडशे फूट गेले हे मान्य. पण मैदानात त्याचा अर्थ काय? ३२४० आणि ३०९० हे दोन आकडे बघून मला काहीच कळत नाही. कोल्हा जागेवर पडेल की नाही, मला एवढंच हवंय. जखमी होऊन पळालेलं जनावर रात्रभर शोधणं मी एकदा केलंय, पुन्हा करायचं नाही.

भरणीवाला

हा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला. वेगातला फरक फुटांत मोजू नका, यार्डांत मोजा.

५५ ग्रेन साध्या मऊ टोकाच्या गोळीचा कारखान्याचा तक्ता असा: नळीच्या तोंडाशी ३२४०, शंभर यार्डांवर साधारण २७५०, दोनशेवर २३००, तीनशेवर १९००. म्हणजे पहिल्या शंभर यार्डांत हवाच जवळपास ४९० फूट खाते, यार्डामागे पाच फूट. तुमचे गेलेले दीडशे फूट म्हणजे ३० यार्डांची हवा. १८ इंची रायफलीचा बार म्हणजे २४ इंचीने तीस पावलं मागे सरून काढलेला बार. शंभरावर जे आता मिळेल ते पूर्वी १३० वर मिळत होतं. तीनशेवर जो १९०० वेग होता तो आता २७० वर.

ऊर्जेत फरक जास्त दिसतो, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. १२८० फूट-पौंडांवरून ११६५. वेग साडेचार टक्के घटला, ऊर्जा नऊ टक्के. पण यार्डांचा हिशेब त्यातही तोच राहतो, ३० यार्ड.

आता कोल्ह्याचं. मऊ टोकाची गोळी फुलायला किमान ठराविक वेग लागतो. तो प्रत्येक गोळीचा वेगळा आणि बनवणारा तो सांगतो. तुमच्या गोळीचा आकडा बघा, वरच्या तक्त्यात तो किती यार्डांवर येतो ते शोधा आणि त्यातून तीस वजा करा. ती तुमची नवी हद्द, तिच्यापुढे बोट ट्रिगरवर नको. दीडशे यार्डांच्या आत तुमचे बार असतील तर तुम्ही हद्दीपासून फार लांब आहात. जखमी जनावर बहुतेक वेळा वेग कमी पडल्यामुळे होत नाही, नेम हलल्यामुळे होतं, आणि तुमचा नेम हलतोय तो पुढे गेलेल्या तोलामुळे.

गोळीच्या उताराचंही सांगतो. दोनशेवर शून्य केलेली असेल, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवलेली असेल, तर तीनशेवर दोन्हींत इंचाच्या आतबाहेर फरक. कोल्ह्याच्या छातीवर तो तुम्हाला कळणारही नाही.

लेथमास्तर

उशिरा आलो. वेगाचं भरणीवाल्यांनी छान मांडलंय, त्यात भर घालत नाही. मी कापणाऱ्याच्या बाजूने बोलतो, परवानाधारक कारखान्यात आयुष्य गेलंय.

लोकांना वाटतं लांब नळी म्हणजे अचूक नळी. तसं नाही. बार झाला की नळी छडीसारखी थरथरते. एकाच जाडीची छडी एका टोकाला पकडली तर तिचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. २४ ची २० केली की वाकणं ढोबळमानाने ५८ टक्क्यांवर येतं, १८ केली तर ४२ टक्क्यांवर. म्हणजे आखूड नळी ताठ. अचूकता गेली म्हणून माझ्याकडे परत आलेली जी प्रकरणं मी पाहिली, त्यात लांबी कधीच दोषी नव्हती. दोषी होता क्राऊन.

क्राऊन म्हणजे नळीच्या तोंडाची शेवटची कड, गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श. गोळीचं बूड तिथून सुटताना मागचा वायू सगळीकडून एकाच क्षणी निसटला पाहिजे. एका बाजूला केसभर खाच असेल तर वायू तिथून आधी फुटतो आणि गोळीला बुडाशी धक्का देतो. एकदा एक माणूस रायफल घेऊन आला, दुसरीकडे कापून घेतलेली. म्हणाला, शंभरावर पाऊण इंचाचा गट होता तो तीन इंच झाला, आखूड नळी कुचकामी असते. डोळ्यांना कड आरशासारखी दिसत होती. मी कान साफ करायची कापसाची काडी घेतली, आत घालून कडेवरून बाहेर ओढली. वर्तुळात पाच ठिकाणी काही नाही, सहाव्या ठिकाणी कापसाचा एक तंतू अडकून राहिला. भिंगाखाली बघितलं तर रायफलिंगच्या एका खाचेच्या काठावर धातूची बारीक कूस उभी होती. क्राऊन पुन्हा काढला, पाव इंच गेला. गट परत इंचाच्या आत.

म्हणून रानवाट, किती इंच कापता यापेक्षा कोण कापतो ते बघा. काम घरी करायचा विचार चुकूनही करू नका. कायदा बाजूला ठेवला तरी तोंड नळीच्या आतल्या पोकळीच्या अक्षाला धरून वळवावं लागतं, बाहेरच्या गोलाईला धरून नाही. पोकळी बाहेरच्या गोलाच्या बरोबर मध्यभागी असतेच असं नाही. सायलेन्सरचे आटेही त्याच अक्षावर लागतात. ते तिरके पडले तर गोळी सायलेन्सरच्या आतल्या चकतीला लागेल, आणि ते धोक्याचं आहे.

नवशिक्या

मास्तर, पीळ तोच राहिला पण वेग कमी झाला तर गोळी फिरणार कमी. मग ती डळमळणार नाही का?

लेथमास्तर

फिरणं कमी होतं हे खरं. १२ इंचांत एक फेरा असेल तर ३२४० वेगाला मिनिटाला १,९४,४०० फेरे. ३०९० ला १,८५,४००. पण स्थिरता वेगावर फार थोडी अवलंबून असते, पिळावर आणि गोळीच्या लांबीवर खूप जास्त. या पिळात ५५ ग्रेन आज नीट जात असेल तर उद्याही जाईल. लांबलचक ७० ग्रेनची गोळी या पिळात आजही जाणार नाही, उद्याही नाही.

तिसरीगोळी

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मते आखूड .२२३ चा खरा त्रास तिथे आहे.

भरणीवाला

ताई, अगदी बरोबर. गणित करून सांगतो, कारण मलाही ते करून बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

२४ इंचांवर शेवटच्या इंचात गोळी २५ फूट वेग कमावते. तो इंच ती सुमारे २६ मायक्रोसेकंदांत पार करते. ५५ ग्रेन वजनाला एवढ्या थोड्या वेळात एवढा वेग द्यायचा तर मागे किती दाब हवा? हिशेब सहा हजार पीएसआयच्या आसपास येतो, आणि घर्षण मी धरलेलंच नाही. म्हणजे गोळी बाहेर पडते त्या क्षणी तिच्यामागे एवढ्या दाबाचा तप्त वायू उघड्या हवेत सुटतो. आवाज आणि ज्वाळा त्याचीच. नळी जसजशी आखूड, तसतसा तो दाब जास्त. म्हणून मागून इंच-इंच कापत गेलं तर प्रत्येक इंचाला जाणारा वेगही वाढत जातो. २६ ची २४ केली तर फार थोडा जातो, १६ ची १४ केली तर दणकून जातो.

सायलेन्सर लावणार आहात म्हणून तुमचं निभावेल, पण त्याच्या आतल्या पहिल्या चकतीवर मार वाढतो. तो किती इंची .२२३ साठी बनवलाय ते त्याच्या कागदावर बघा. आणि सायलेन्सर असला तरी कानावर संरक्षण हवंच.

माझं मत विचाराल तर २० इंच. चार इंचांत ९०-१०० फूट, म्हणजे वीस यार्ड. तुमची अडचण त्यातच सुटेल. पुढच्या दोन इंचांसाठी आवाज आणि ज्वाळा वाढवण्यात मला हशील दिसत नाही.

रानवाट

ठरलं मग, २० इंच. मोजमाप करायचंय, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मित्राकडून आणतो. मोजताना काय सांभाळू?

भरणीवाला

एकाच लॉटची (कारखान्यात एकाच खेपेत बनलेली) काडतुसं, कापायच्या आधीची आणि नंतरची, दोन्हीसाठी बाजूला काढून ठेवा. लॉट बदलला तर सगळं फुकट. शक्यतो सारख्याच तापमानाच्या दिवशी मोजा, काडतुसं उन्हात ठेवू नका. क्रोनोग्राफ दोन्ही वेळा तोंडापासून बरोबर दहा फुटांवर. दहा फुटांत पंधराएक फूट वेग हवा खाते, त्यामुळे छापील ३२४० तुम्हाला तसाही दिसणार नाही. आणि मोजताना सायलेन्सर दोन्ही वेळा लावा किंवा दोन्ही वेळा काढा.

मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या १८ इंची रायफलीशी स्वतःच्या २४ इंचीची तुलना करू नका. एकाच कारखान्याच्या, एकाच लांबीच्या दोन नळ्यांत पन्नास फुटांचा फरक सहज निघतो. चेंबर थोडं सैल, पोकळी थोडी घट्ट, एवढ्यावर. एखादी जलद २० इंची नळी एखाद्या मंद २४ इंचीला मागे टाकते. इंटरनेटवर "आखूड नळीत वेग जातच नाही" म्हणणारे पुष्कळ जण याच सापळ्यात सापडलेत. खरं उत्तर एकच नळी कापून, कापण्याआधी आणि नंतर मोजूनच मिळतं.

रानवाट

धागा वर काढतोय. काम झालं. परवानगीला वेळ लागला, कापायला अर्धा दिवस.

दोन्ही वेळा ढगाळ दुपार, तापमानात दोन अंशांचा फरक, एकाच लॉटची दहा-दहा काडतुसं, सायलेन्सर काढून. कापण्याआधी सरासरी ३१८२ फूट. कापल्यानंतर ३०८८. चार इंचांत ९४ फूट, इंचामागे साडेतेवीस. भरणीवाला दादांनी सांगितलेल्या पट्ट्यात अगदी आत.

वेगापेक्षा मला दुसऱ्या दोन गोष्टी जास्त जाणवल्या. पहिली म्हणजे शून्य हललं. पहिल्या तीन गोळ्या शंभरावर पूर्वीच्या जागेपासून खाली आणि डावीकडे, तळहातभर अंतरावर. क्षणभर पोटात गोळा आला, पण तिन्ही एकमेकींना चिकटून होत्या. मास्तरांनी सांगितलेली थरथर बदलली असणार. स्कोप फिरवून नवं शून्य केलं आणि गट पूर्वीइतकाच निघाला, कदाचित किंचित लहान. दुसरी म्हणजे तोल. सायलेन्सर लावूनही आता रायफल हातात स्थिर राहते. उभ्याने मनातल्या मनात तीसपर्यंत मोजलं, टोक जागेवर होतं.

मग तीनशेवर गेलो. दस्त्याला चिकटवलेल्या जुन्या चिठ्ठीवर तीनशेचा जो उतार लिहिला होता, तोच धरून पाच गोळ्या झाडल्या. पाचही कागदावर, गटाचा मध्य नेमापेक्षा अर्धा इंच खाली. गटच अडीच इंचांचा, त्यात तो अर्धा इंच कुठे शोधणार? चिठ्ठी बदलली नाही.

लेथमास्तर

वा, समाधान वाटलं. क्राऊन बघितलात ना?

रानवाट

बघितला मास्तर, घरी येताच. बोल्ट काढला, कापसाची काडी आत घालून सहाही बाजूंनी ओढली. एकही तंतू अडकला नाही.

आणि कापलेला चार इंचांचा तुकडा मी त्यांना उभा चिरून द्यायला सांगितला होता. आत्ता समोर टेबलावर आहे. एका टोकाला खाचांत तांब्याची पुसट लाली अजून दिसते. बोटाने एक खाच धरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलो. दोन अर्धे जोडून बघितलं तर खाच चार इंचांत बरोबर एक तृतीयांश फेरा वळते. बारा इंचांत एक, कारखान्याने लिहिलं होतं तसं.